चौसष्ट टक्के आणि दोन गैरहजर

हे प्रकरण एका मुलीचं आहे. नाव देत नाही. धाकटा भाऊ असल्यामुळं घरात तिला ‘ताई’ म्हणतात, मीही तेच म्हणते. तिची शाळा, कॉलेज, क्लास यांची नावंही गाळली आहेत. ती ओळखायचा खटाटोप कुणी करू नये. सांगली-मिरजेत असं एकच कॉलेज आणि एकच क्लास असता तर मी हे लिहायला बसलेच नसते.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले. विश्रामबागला राहते. प्रवेशाच्या दिवसांत ओळखीपाळखीतून मुलं येतात, कुणी पर्यायांची यादी घेऊन, कुणी नुसतंच रडायला. पैसे घेत नाही, म्हणून तोंडावर बोलायची सोय राहते.

ताई आली ती जुलै २०२३ मध्ये. बारावी सुरू होऊन महिनाभर झाला होता. सोबत वडील. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली अकरावीची गुणपत्रिका त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून काढली आणि माझ्या हातात पडायच्या आधीच म्हणाले, “मॅडम, ह्या कागदाचं काय करता येतंय का बघा. बाकी पोरगी हुशार हाय.”

ताईला एमआयटीला अर्ज करायचा होता. पुण्याच्या नव्हे, अमेरिकेतल्या. घरी सांगितलं तेव्हा आजीनं विचारलं होतं म्हणे, “पुण्याच्यात काय वाईट आहे?”

तीन वर्षांचे तीन कागद समोर होते. नववीच्या प्रगतिपुस्तकावर (२०२०-२१) गुणच नाहीत. कोरोनाच्या त्या वर्षी शासनानं नववी आणि अकरावीच्या मुलांना परीक्षेविना वर घातलं होतं, तसा ‘वर्गोन्नत’ असा शिक्का. दहावी, मार्च २०२२ ची, ९७.२० टक्के. आणि अकरावी, ६४.१७.

या ६४ नं मुलीची झोप उडवली होती. टक्क्यांचं अमेरिकन जीपीएत, म्हणजे चारपैकी मोजायच्या सरासरी श्रेणीत, रूपांतर करून देणारी एक साइट तिला सापडली होती. तिकडच्या बहुतेक शाळांत साठ ते सत्तरच्या पट्टीला ‘डी’ म्हणतात, चारपैकी एक. वहीच्या शेवटच्या पानावर तिनं ‘१.०’ असं लिहून त्याभोवती पेनानं इतक्यांदा गोल फिरवला होता की कागद फाटला होता. नववीच्या कोऱ्या रकान्यावर तिचे तीन आठवडे गेले होते. शाळेकडून जुन्या ऑनलाइन चाचण्यांचे गुण मागवावेत का, त्यांचं पत्रक करून घ्यावं का, मुख्याध्यापकांची सही चालेल का. मी एका वाक्यात तो विषय मिटवला: त्या वर्षी राज्यातल्या सगळ्या नववीवाल्यांचा रकाना कोरा आहे, तुझाही कोरा राहू दे, शाळेकडून तसं पत्र घे. ते पत्र दोन दिवसांत मिळालं.

अकरावीचं इतकं सोपं नव्हतं.

रकाने

पेपर तपासण्यात आयुष्य गेल्यामुळं मला एक सवय लागली आहे. मी बेरीज आधी पाहत नाही, रकाने पाहते.

अकरावीला प्रत्येक विषयाचे गुण चार ठिकाणांहून येतात. पहिली घटक चाचणी २५, प्रथम सत्र ५०, दुसरी घटक चाचणी २५ आणि वार्षिक १००, त्यात लेखी आणि प्रात्यक्षिक किंवा तोंडी मिळून. झाले २००. त्याचे निम्मे करून १०० पैकी गुण लिहितात. सहा विषयांचे मिळून मूळचे १२००.

ताईच्या गुणपत्रिकेत दोन्ही घटक चाचण्यांच्या रकान्यांत सहाही विषयांसमोर ‘गै.ह.’ होतं. गैरहजर. म्हणजे १२०० पैकी ३०० गुण परीक्षेला न बसल्यामुळं गेलेले. उरलेल्या ९०० पैकी तिला होते ७७०. त्यातही प्रथम सत्रात ३०० पैकी २३१ आणि वार्षिकला ६०० पैकी ५३९, म्हणजे नव्वद टक्क्यांना टेकलेली.

“हे ६४ कुठून आले सांगशील?” मी विचारलं.

“अभ्यास कमी पडला, मॅडम.”

“अभ्यास नाही कमी पडला. तू तिथं नव्हतीस.”

तिनं कागद उलटा करून माझ्याकडून घेतला आणि बोटानं रकाने मोजले. तीन महिने तो कागद घरात होता. बापलेकींनी पाहिली होती ती फक्त उजवीकडची खालची चौकट.

गैरहजर का, याचं उत्तर सांगलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाव कॉलेजात, बसणं क्लासला. सकाळी सात ते दुपारी दोन क्लास, कॉलेज प्रात्यक्षिकांपुरतं. दोन वर्षांचे दीड लाख वडिलांनी हप्त्यांनी भरले होते. दोन्ही घटक चाचण्यांच्या आठवड्यांत क्लासच्या स्वतःच्या चाचण्या होत्या आणि कॉलेजची चाचणी बुडवली म्हणून कुणाचं काही अडत नाही, असं क्लासमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं. त्यात खोटं काही नाही. जेईईला अकरावीचे गुण कुणी विचारत नाही. आयआयटी, एनआयटीला बारावीत ७५ टक्के हवेत, नाहीतर आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. राज्याच्या प्रवेशपरीक्षेत, एमएचटी-सीईटीत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर येतात, पण अकरावीची गुणपत्रिका तिथंही कुणी उघडत नाही. या हिशेबानं ताईनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. गडबड एवढीच की अकरावी संपल्यावर तिनं खेळच बदलला, आणि नव्या खेळात नववी ते बारावी अशी चारही वर्षं पटावर मांडावी लागतात.

आपल्याकडं प्रवेश म्हणजे रेषा. एका गुणानं शाखा बदलते, पर्सेंटाइलच्या दोन दशांशांनी गाव बदलतं. तिकडं अशी रेषा नसते, हे ताईला पटवायला मला तीन भेटी लागल्या आणि पूर्ण पटलं असं आजही वाटत नाही. एमआयटीनं किमान गुणांची अट ठेवलेली नाही. टक्क्यांचं रूपांतर करू नका, तुमच्या शाळेनं जसे दिले तसे लिहा, असं ते सांगतात. त्यामुळं वहीतला तो ‘१.०’ कुठंच जाणार नव्हता. अर्ज त्या-त्या शाळेच्या परिस्थितीत वाचला जातो. पण म्हणून मार्ग सोपा होतो असं नाही, आणि हेही मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. आदल्या वर्षी तिथं सुमारे २७ हजार अर्ज आले होते, प्रवेश मिळाला साडेबाराशेच्या आसपास मुलांना. त्यांच्यात परदेशी साधारण दहा टक्के, आणि परदेशी म्हणजे सगळं जग. परत पाठवलेल्या पंचवीस हजारांतल्या बहुतेकांच्या गुणपत्रिकेला नाव ठेवायला जागा नसणार.

हे ऐकून वडील म्हणाले, “मग तर ६४ घेऊन जाण्यात अर्थच न्हाई.”

पॉलिश आणि रंग

अर्जासोबत कॉलेजनं एक अहवाल पाठवायचा असतो. मुलीचे गुण, कॉलेजची माहिती, आणि तिच्याबद्दल चार शब्द. अमेरिकन शाळांत हे काम करायला समुपदेशक नेमलेला असतो. आपल्याकडं प्राचार्य. म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही तिघं प्राचार्यांना भेटायला गेलो.

भला माणूस. चहा मागवला, गुणपत्रिका पाहिली आणि हसून म्हणाले, “एवढंच ना? अकरावी ही आमची अंतर्गत परीक्षा, मॅडम. पोरीचं कल्याण होत असेल तर चाचण्या पुन्हा घेतल्या असं दाखवू. सोमवारी नवी गुणपत्रिका घेऊन जा.”

ताईच्या वडिलांचा चेहरा उजळला. मी विचार करून सांगतो म्हणाले आणि आम्ही बाहेर पडलो.

विश्रामबाग चौकात टपरीवर उभं राहिल्यावर ते म्हणाले, “मॅडम, पॉलिश केल्याबिगर हळद सौद्याला कोण लावतंय?”

ताई पटकन बोलली, “पप्पा, पॉलिश वेगळं आणि रंग मारणं वेगळं. तुम्हीच सांगता की.”

ते काही बोलले नाहीत. चहा संपवून ग्लास ठेवला आणि यार्डात जायचंय म्हणून निघाले. संध्याकाळी त्यांचा फोन आला, नवी गुणपत्रिका नको म्हणून.

मी त्यांना नीतीचा पाठ दिला नव्हता. माझं म्हणणं व्यवहाराचं होतं. निकालाची नोंदवही कॉलेजात भरलेली आहे. त्याच कॉलेजातून आणखी एखाद्या मुलानं अर्ज केला तर दोन गुणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या जातील. सगळी माहिती खरी आहे अशी सही मुलीला करावी लागते, आणि खोटं निघालं तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. पण खरं सांगायचं तर हळदीचा युक्तिवाद माझ्यापेक्षा सरस होता.

पुन्हा प्राचार्यांकडं गेलो. आता मागणी वेगळी होती. गुण आहेत तसेच द्या, फक्त अहवालात एक ओळ लिहा: दोन्ही घटक चाचण्यांना ही मुलगी बसली नव्हती, म्हणून एकूण टक्के कमी दिसतात, ज्या परीक्षा दिल्या त्यांतले गुण असे आहेत.

गंमत बघा. जो माणूस सगळी गुणपत्रिका बदलून द्यायला एका चहात तयार होता, तो या एका ओळीला नऊ दिवस तयार होईना. कारणही होतं. ७५ टक्के हजेरीचा नियम भिंतीवर लावलेला, आणि मुलगी कॉलेजात येत नव्हती असं आपणच सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायचं? “हे म्हणजे माझ्याच पायावर धोंडा, मॅडम,” असं ते म्हणाले, आणि त्यांच्या जागेवरून ते बरोबरच होतं. शेवटी जी ओळ ठरली तीत क्लासचा उल्लेख नव्हता, पण खोटंही काही नव्हतं: ‘प्रवेशपरीक्षेच्या तयारीमुळे विद्यार्थिनीने अकरावीच्या दोन घटक चाचण्या दिल्या नाहीत, त्या वगळता तिने ९०० पैकी ७७० गुण मिळवले.’ त्यासोबत कॉलेजच्या माहितीचं एक पान मी करून दिलं. बोर्ड कोणतं, विभाग कोणता (सांगली कोल्हापूर विभागीय मंडळात येते), शास्त्र शाखेत मुलं किती, विषय कोणते, बारावीला नव्वदच्या वर किती जण जातात. असं पान त्या कॉलेजात आजवर कुणी मागितलंच नव्हतं. हेडक्लार्कनं त्याची एक प्रत फायलीला लावून घेतली, हे पुढं उपयोगी पडलं.

ताईनंही आपल्या बाजूनं खुलासा लिहून आणला होता. अर्जात जादा माहितीला थोडी जागा असते, तिथं टाकायला. सहा परिच्छेद. क्लासच्या वेळा, इथली शिक्षणपद्धती, जेईईचा ताण, वडिलांचा पगार, पाऊस. वाचून मला एवढंच कळलं की मुलगी घाबरलेली आहे. आम्ही तो चार वाक्यांवर आणला. चौथं वाक्य तिचं स्वतःचं होतं: ‘चाचण्या न देण्याचा निर्णय आमच्या घरचा होता आणि तेव्हा मला तो बरोबर वाटला होता.’

ओळखतं कोण

आता इथं माझी चूक सांगते. जुलै आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने आम्ही गुणांवर घालवले. ताई घाबरलेली होती गुणांना, म्हणून मीही गुणच सोडवत बसले. सप्टेंबरात शिफारसपत्रांची पाळी आली तेव्हा लक्षात आलं की खरा खड्डा दुसरीकडं आहे.

एमआयटीला दोन शिक्षकांची पत्रं लागतात. एक गणित किंवा विज्ञानाच्या, दुसरं भाषा किंवा समाजशास्त्रांसारख्या विषयाच्या. शाळेत-कॉलेजात ज्यांनी शिकवलं अशांची. मी सहज विचारलं, “कुणाला सांगूया?”

ताई गप्प.

“बरं, कॉलेजात तुला कोण ओळखतं?”

तिनं विचार केला. गेटवरचे मामा. कॅंटीनच्या काकू. ग्रंथालयातल्या मॅडमना चेहरा माहीत असेल. गणिताच्या सरांना ती भेटून आली तेव्हा सरांनी सौजन्यानं विचारलं होतं, “तुझा रोल नंबर काय, बाळ?”

क्लासचे गणिताचे सर तिला चांगलं ओळखत होते. कुठल्या प्रकारच्या गणितात ती घाई करते आणि कुठल्यात मुद्दाम लांबची वाट घेते हे त्यांना सांगता आलं असतं. पण कागदोपत्री ते तिचे कुणीच नव्हते. दीड वर्ष रोज सात तास ज्यांनी शिकवलं त्यांची सही चालत नाही, आणि ज्यांची चालते त्यांना रोल नंबर विचारावा लागतो. दोन चाचण्यांमधले ३०० गुण गेले ते गुणपत्रिकेवर दिसत होते. त्या वर्षात कॉलेजमधला एकही माणूस आपला झाला नाही, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

इंग्रजीच्या मॅडमनी मोठ्या मनानं लगेच पत्र दिलं. ‘सदर विद्यार्थिनी हुशार, होतकरू व नम्र असून तिची वर्तणूक चांगली आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.’ लेटरहेडवर, शिक्क्यासकट. यात मॅडमचा दोष शून्य. आपल्याकडं शिफारस म्हणजे दाखला. वर्तणुकीचा दाखला तो, नाव बदललं की चारशे मुलांना लागू. मीही माझ्या नोकरीत असे ढिगानं लिहिलेत. ‘नम्र’ हा शब्द तर मी न भेटलेल्या मुलांनाही दिलाय.

वाट सापडली ती प्रयोगशाळेत. बारावीला प्रात्यक्षिकं बुडवता येत नाहीत, त्यामुळं दर गुरुवारी ताई भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असायचीच. तिथल्या मॅडमना मी भीत-भीत नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “ती होय? वाचनं न बदलणारी?”

प्रयोग होता अनुनाद नळीचा, आवाजाचा हवेतला वेग काढायचा. उत्तर साडेतीनशेच्या जरा खाली यावं हे सगळ्या मुलांना आधीच माहीत असतं, त्यामुळं बहुतेक वह्यांमध्ये उत्तराकडून वाचनांकडं उलटा प्रवास होतो. खोटं कशाला बोलू, आमच्या पिढीनंही तेच केलं. ताईचं उत्तर ३२२ आलं. तिनं ३२२ लिहिलं आणि खाली टीप टाकली: ‘नळीतून पाणी झिरपत असावं, पुन्हा करून पाहणे.’ पुढच्या गुरुवारी तिनं तीच नळी मागून घेतली. रबरी नळीच्या तोंडाशी खरंच गळत होतं. मॅडमनी ती नळी बदलायला टाकली आणि मुलगी लक्षात ठेवली.

“हेच लिहा,” मी म्हटलं.

“एवढंसं? ‘अत्यंत हुशार’ वगैरे नको?”

“नको. नळीचं लिहा.”

दुसऱ्या पत्राला तिच्या शाळेतले, दहावीचे मराठीचे सर भेटले. शाळेत ती रोज जात होती, तिथं माणसं होती. सरांनी मला एक अशी गोष्ट सांगितली जी ताईनं दोन महिन्यांत एकदाही काढली नव्हती.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. ताई आठवीत होती, घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. घरात पाणी शिरलं तेव्हा ही मंडळी माधवनगरला नातेवाइकांकडं होती. आजीला दर तासाला एकच प्रश्न, “आयर्विनला किती फूट झालं गं?” ताई फोनवरून, बातम्यांतून विचारून सांगायची आणि आजी पुन्हा विचारणार म्हणून वहीत लिहून ठेवायची. पूर ओसरला, वही चालू राहिली. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात तारीख, वेळ, आयर्विनची पातळी, कोयनेतून सोडलेलं पाणी, अलमट्टीचा साठा. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा तिच्याकडं ताडून बघायला आधीच्या नोंदी होत्या. कोयनेतून पाणी सुटल्यावर सांगलीत पातळी किती तासांनी वाढते हे ती काढू बघत होती, आणि तिला असं दिसलं होतं की हा वेळ दर वेळी सारखा नाही. नदी पात्राबाहेर पडून रानात पसरली की पुढचं पाणी रेंगाळतं. दहावीला सरांनी ‘पाणी’ या विषयावर निबंध दिला तर हिनं तीन पानांचा तक्ता जोडला होता. सरांनी तो अजून जपून ठेवला होता.

“हे तू मला का नाही सांगितलंस?” मी ताईला विचारलं.

“त्याला गुण नाहीत ना, मॅडम.”

एक सावधगिरी मी घेतली. अशा गोष्टीला फुगा करायचा मोह होतो, ‘पूरग्रस्त मुलीचं संशोधन’ वगैरे. वही म्हणजे वही. तिच्यात चुका होत्या, रात्रीच्या नोंदी गायब होत्या, एके ठिकाणी फूट आणि मीटर यांचा घोळ होता. ताईनं निबंधात त्या घोळासकट लिहिलं, आजीसकट. मराठीच्या सरांनी पत्र मराठीतच लिहिलं, ते इंग्रजीत करून सोबत जोडलं. भाषांतर करताना मला सर्वांत जास्त वेळ ‘रेंगाळतं’ या शब्दाला लागला.

पुढचं

ऑक्टोबरात पुण्याला जाऊन तिनं एसएटी, म्हणजे अमेरिकन कॉलेजांची प्रवेशपरीक्षा, दिली, १६०० पैकी १५१०. एमआयटीनं मार्च २०२२ मध्ये ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली होती. माझ्या मते ताईसारखीला ते सोयीचंच; अकरावीच्या आकड्याशेजारी ठेवायला दुसरा एक आकडा मिळतो. शाळा सेमी-इंग्रजी असल्यामुळं इंग्रजीचीही परीक्षा द्यावी लागली, ती तिनं घरूनच दिली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. आणखी चार ठिकाणी केले होते. फीमाफी मागितली, सगळीकडं मिळाली.

पैशाचं थोडं सांगायला हवं, कारण घरात गुणांच्या गोंधळात तो विषय कुणी काढलाच नव्हता. एमआयटीचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर. परदेशी मुलाला ऐपत न बघता घेणारी आणि मग लागेल तेवढी मदत करणारी ठिकाणं अमेरिकेत मोजकी: एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅम्हर्स्ट आणि अशी थोडी. बाकीच्या ठिकाणी मदत मागितली की तेच तुमच्या अर्जावरचं ओझं होतं. दिवाणजींच्या मुलीला गुणांपेक्षा ही भिंत उंच होती. यादी करताना आम्ही हे धरलं, पण पुरेसं धरलं नाही.

एमआयटीचा निकाल १४ मार्चला लागतो, गणितातल्या ‘पाय’चा (π, ३.१४) दिवस म्हणून. तिकडं संध्याकाळचे ६:२८, आपल्याकडं १५ मार्चची पहाट, ३:५८. बारावीचे पेपर संपत आले होते. घरातले सगळे उठून बसले होते, आजीसुद्धा.

प्रवेश मिळाला नाही.

बाकीच्या चारांपैकी तिघांनी नाही म्हटलं. एका लहान कॉलेजनं घेतलं, पण दिलेल्या मदतीनंतरही वर्षाला जी रक्कम भरायची उरत होती ती वडिलांच्या चार वर्षांच्या पगाराएवढी होती. ते पत्र त्यांनी घडी घालून त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं.

“मॅडम, त्या ६४ मुळंच गेलं का?” त्यांनी मला विचारलं. नकाराच्या पत्रात कारण नसतं. गुण असतील, पत्रं असतील, यातलं काहीच नसून नुसत्या जागा संपल्या असतील. मी तसंच सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही, आणि व्हावं असा माझा आग्रहही नव्हता. ताईनं मात्र हा प्रश्न विचारला नाही. तिनं विचारलं की प्रयोगशाळेतल्या मॅडमना सांगायला कधी जाऊया, त्या वाट बघत असतील.

२१ मे २०२४ ला बारावीचा निकाल लागला, ६०० पैकी ५३२. सीईटी दिलेलीच होती. ती आता पुण्याला सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला आहे. वही सोबत नेली आहे. पावसाळ्यात नोंदी करायचं काम धाकट्या भावाकडं आहे आणि तो रात्रीच्या नोंदी चुकवतो अशी तिची तक्रार असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्या कॉलेजच्या हेडक्लार्कचा मला फोन आला.

“मॅडम, ते गेल्या वर्षीचं कॉलेजच्या माहितीचं पान. फायलीत प्रत हाय, पण टाइप केलेलं तुमच्याकडं असंल न्हवं? यंदा एक पोरगा आलाय, त्याला बाहेर अर्ज करायचाय.”

“पाठवते. त्यानं अकरावीच्या घटक चाचण्या दिल्यात का?”

“न्हाई की. क्लासला होता.”

“मग कॉलेजात त्याला ओळखतं कोण?”

पलीकडं जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“थांबा, मॅडम. भौतिकच्या लॅबमध्ये विचारून सांगतो.”